चकमांचे नागरिकत्व : धम्मबांधव म्हणून नव्हे, रहिवासी म्हणून

मागच्या हिवाळ्यात विदर्भातल्या एका निवासी धम्म शिबिरात शेवटच्या रात्री आम्ही पंधरा-वीस जण गोल करून बसलो होतो. त्यात चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा होता. मराठी अजिबात नाही, हिंदी जेमतेम, पण त्रिशरण-पंचशील आमच्यापैकी अनेकांपेक्षा स्वच्छ म्हणायचा. गाव विचारलं तर म्हणाला, "दियुन. चांगलांग जिल्हा, अरुणाचल." आपल्या कार्यकर्त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तो लगेच आला : "म्हणजे एसटी?" तो म्हणाला, "मिझोरम में, त्रिपुरा में चकमा एसटी है. हमारे यहाँ नहीं." "मग ओबीसी?" त्यावर तो हसला. "भैया, पहले सिटिझन तो बनें."

त्याचे आजोबा १९६६ साली पूर्व पाकिस्तानातून आले. वडिलांचा जन्म १९७१ चा, दियुनचाच. वडिलांनी मतदार यादीत नाव घालायचा अर्ज तीनदा दिला, तिन्ही वेळा परत आला. हा मुलगा बी.ए. झालाय. त्याच्या गावात तो तिसऱ्या पिढीचा "परदेशी" आहे.

त्या रात्रीचा वाद सकाळच्या चहापर्यंत चालला. एका गटाचं म्हणणं, "बघा, आपण उगाच सीएएला विरोध केला. त्यात बौद्धांचं नाव होतं. आपल्याच धम्मबांधवांच्या पोटावर पाय दिला." दुसऱ्या गटाचं म्हणणं नेमकं उलटं : "अरुणाचलची जमीन आदिवासींची. आदिवासी म्हणतात हे बाहेरचे, मग आपण आदिवासींसोबत राहायचं. विषय संपला." दोन्ही गटांत माझे जवळचे मित्र आहेत. मला दोन्ही बाजू चूक वाटतात. तेव्हा रात्री झोप येत होती म्हणून नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आधी चकमा तिथे आले कसे ते बघू. हे माहीत नसताना "घुसखोर" हा शब्द वापरणारे आपल्यातही आहेत.

चितगाव डोंगराळ प्रदेशात फाळणीच्या वेळी सुमारे ९७ टक्के लोक बिगरमुस्लिम होते आणि त्यात बौद्ध चकमा सर्वांत मोठा समाज. आपण भारतात जाणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. १५ ऑगस्ट १९४७ ला रांगामाटीत तिरंगा फडकला. १७ ऑगस्टला रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला आणि तो सगळा प्रदेश पाकिस्तानात गेला. काही दिवसांत पाकिस्तानी सैन्याने तो झेंडा उतरवला.

पण चकमा लगेच पळून आले नाहीत, हे लक्षात घ्या. ते तिथेच राहिले, शेती करत राहिले. त्यांना उठवलं ते धरणाने. कर्णफुली नदीवर पाकिस्तान सरकारने अमेरिकेच्या मदतीने काप्ताई धरण बांधलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी भरलं आणि त्या प्रदेशातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे ४० टक्के जमीन बुडाली. साधारण एक लाख माणसं विस्थापित झाली. रांगामाटीचा चकमा राजवाडाही पाण्याखाली गेला. चकमा लोक या परागंदा होण्याला "बर परंग" म्हणतात, मोठं स्थलांतर. त्याच दशकात आपल्याकडे कोयनेचं पाणी भरत होतं. कोयनेच्या विस्थापितांची पुनर्वसनाची भांडणं अजून मिटलेली नाहीत, हे सातारा-सांगलीकडच्या वाचकांना सांगायला नको. फरक एवढाच की कोयनेचा माणूस जमिनीला मुकला, देशाला मुकला नाही.

तर हे विस्थापित आसामात आले. १९६२ चं चीन युद्ध नुकतंच होऊन गेलेलं. ईशान्य सीमेवरचा तो भाग तेव्हा नेफा या नावाने ओळखला जायचा, आसामचे राज्यपाल केंद्राच्या वतीने त्याचा कारभार बघत. राज्यपाल विष्णू सहाय यांनी एप्रिल १९६४ मध्ये आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चालिहा यांना पत्र लिहून सुचवलं की या लोकांना तिकडे तिरापच्या बाजूला वसवता येईल, तिथे जागा आहे. त्याप्रमाणे १९६४ ते १९६९ या काळात चकमा आणि हाजोंग मिळून सुमारे १५ हजार माणसं सरकारने तिथे नेऊन वसवली. जमीन दिली, सुरुवातीची मदत दिली. म्हणजे कुणी रात्री नदी पोहून लपत आलेलं नाही. भारत सरकारने हात धरून नेलं आणि "इथे राहा" म्हणून सांगितलं. १९७२ मध्ये इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांच्या बोलण्यांनंतर केंद्राने या लोकांना नागरिकत्व देण्याचं धोरण ठरवलं.

त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली.

मधल्या काळात काय काय झालं, ते थोडक्यात सांगते. नेफा १९७२ ला केंद्रशासित प्रदेश झाला, १९८७ ला अरुणाचल प्रदेश नावाचं राज्य झालं. १९८० नंतर चकमांना सरकारी नोकऱ्यांची दारं बंद झाली. पुढे रेशन कार्डं काढून घेतली गेली. १९९४ मध्ये तिथल्या विद्यार्थी संघटनेने ३० सप्टेंबरपर्यंत राज्य सोडा अशी मुदतच दिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ जानेवारी १९९६ ला निकाल आला. त्याचं सार असं की अनुच्छेद २१ प्रमाणे जीविताचं संरक्षण प्रत्येक माणसाला आहे, तो नागरिक असो वा नसो, आणि राज्याने चकमांना हुसकावू द्यायचं नाही. १९९७ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही नागरिकत्वाची शिफारस केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००० सालच्या आदेशानंतर २००४ च्या निवडणुकीत पहिल्यांदा सुमारे दीड हजार चकमा-हाजोंगांची नावं मतदार यादीत आली. १७ सप्टेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं, तीन महिन्यांत नागरिकत्वाची प्रक्रिया पूर्ण करा. तीन महिने म्हणजे डिसेंबर २०१५. आणि १५ ऑगस्ट २०२१ च्या भाषणात मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी चकमांना राज्याबाहेर नेऊन वसवण्याची भाषा केली. ज्यांच्या आजोबांनी १९४७ च्या १५ ऑगस्टला रांगामाटीत तिरंगा बघितला, त्यांना हे दुसऱ्या १५ ऑगस्टला ऐकावं लागलं.

आता कायद्याकडे वळते, कारण इथे एक गोष्ट आहे जी आमच्या त्या रात्रीच्या वादात कुणालाच माहीत नव्हती. मलाही नव्हती, नंतर बसून वाचली.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ३ असं आहे : २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक. आईवडील कुठले, हा प्रश्नच नाही. (परदेशी राजदूताचं किंवा शत्रूचं मूल वगैरे किरकोळ अपवाद सोडा.) त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यासाठी आईवडिलांपैकी एक नागरिक हवा. त्यानंतर मात्र एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको, अशी अट आली. आता शिबिरातल्या त्या मुलाला हे लावून बघा. वडील १९७१ ला दियुनमध्ये जन्मले, म्हणजे ते जन्माने भारतीय नागरिक. मुलगा २००० च्या आसपासचा, वडील नागरिक, म्हणजे तोही जन्माने नागरिक. त्यांना कुणी नागरिकत्व "द्यायचं" राहिलेलंच नाही. ते आहेतच. २०११ च्या जनगणनेत अरुणाचलात साधारण ४७ हजार चकमा मोजले गेले. त्यांतले १९६९ पूर्वी स्वतः चालत आलेले किती उरले असतील? त्या म्हाताऱ्यांना नोंदणीने नागरिकत्व मिळायला हवं, बाकीच्यांचं नाव फक्त यादीत यायला हवं.

मग अडतं कुठे? तालुक्याच्या-जिल्ह्याच्या टेबलावर. नागरिकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे द्यायचा, त्याने चौकशी करून राज्याकडे, राज्याने केंद्राकडे पाठवायचा. निर्णय केंद्राचा. १९९६ च्या खटल्यात हेच पुढे आलं की अर्ज खालीच अडवले जातात, आणि न्यायालयाला सांगावं लागलं की जिल्हाधिकाऱ्याला अर्ज दाबून ठेवायचा अधिकार नाही, तो पुढे पाठवलाच पाहिजे. मतदार यादीचंही तसंच. जन्माचा पुरावा आणा. तो आणला की रहिवासाचा आणा. तो आणला की तो देणाऱ्या कार्यालयाने देणंच बंद केलेलं असतं.

हा खेळ आपल्याला कुणी शिकवायला नको. मी ज्या वस्तीत काम करते तिथे पारधी आणि मसणजोगी कुटुंबं आहेत. जातपडताळणीला भटक्या-विमुक्तांकडे १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबाला गावाच्या शिवेवर तीन रात्रीपेक्षा जास्त थांबू दिलं नाही, त्याच्याकडे १९६१ चा कागद मागायचा! आपल्या बौद्धांचीच गोष्ट घ्या. १९५६ ला धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत ताटकळावं लागलं. हक्क कागदावर असतो आणि तो कागद देणारा माणूस खिडकीपलीकडे बसून मान हलवतो, हे जे आपल्या घराघरातलं आहे तेच दियुनमध्ये आहे. एम.ए.ला टी. एच. मार्शल शिकवला होता, नागरी, राजकीय आणि सामाजिक हक्क एकामागून एक कसे विस्तारत गेले वगैरे. मार्शलने इंग्लंडचं सांगितलं. आपल्याकडे चौथी पायरी सर्वांत आधी येते, दाखल्याची.

आता पहिल्या गटाकडे, म्हणजे "सीएएत बौद्ध होते" म्हणणाऱ्यांकडे.

२०१९ च्या दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांचा उल्लेख आहे, हे खरं. पण त्याच दुरुस्तीने घातलेलं कलम ६-ब पुढे वाचा. सहाव्या अनुसूचीतला आदिवासी प्रदेश आणि १८७३ च्या बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनखाली "इनर लाइन" असलेला प्रदेश यांना हे कलम लागू नाही. अरुणाचल सगळा इनर लाइनच्या आत. म्हणजे ज्या चकमाच्या नावाने आपल्याला सीएए विकला गेला, त्या दियुनच्या चकमाला त्याचा काडीचा उपयोग नाही. २०२४ च्या मार्चमध्ये नियम आले तरी त्याच्यासाठी काही बदललं नाही. पत्रिकेत नाव छापलं आणि मांडवाच्या दारात अडवलं, असा हा प्रकार आहे.

पण समजा ती अट नसती. समजा उद्या इनर लाइनही त्यात घेतली. तरी मी या कायद्याच्या मागे उभी राहणार नाही, आणि माझं कारण बाबासाहेबांच्या मसुद्यातलं आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या अनुच्छेदांवर चर्चा झाली. बाबासाहेबांनी तेव्हा कबूल केलं होतं की एक अनुच्छेद सोडला तर मसुदा समितीला दुसऱ्या कुठल्या अनुच्छेदाने इतकी डोकेदुखी दिली नसेल. चर्चेत डॉ. पंजाबराव देशमुखांनी सूचना मांडली की जो हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कुठल्या देशाचा नागरिक नाही, त्याला भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा. पंजाबराव आपल्या अमरावतीचे, शेतकऱ्याच्या शिक्षणासाठी झटलेले, अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे राहिलेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ती सूचना फेटाळली गेली आणि ते बरं झालं. अनुच्छेद ५ मध्ये जे राहिलं ते असं : इथे अधिवास, आणि त्याच्यासोबत इथला जन्म, किंवा आईवडिलांपैकी कुणाचा इथला जन्म, किंवा पाच वर्षांचं वास्तव्य. प्रत्यक्ष अंमलबजावणीत परमिटच्या भानगडीत परतणाऱ्या मुसलमानांना फार त्रास झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण मसुद्याच्या शब्दांत धर्म नव्हता.

२०१९ ने तो शब्द आणला. आणि आपल्याला त्यात बसवलं म्हणून आपण खूश व्हायचं? आज यादीत बौद्ध आहे, तो ज्याने घातला त्याच्या सोयीने आहे. उद्या त्याची सोय बदलली की यादी बदलेल. श्रीलंकेतून १९८३ पासून आलेले तमिळ निर्वासित तामिळनाडूच्या छावण्यांत आहेत, त्यांतले बहुतेक हिंदू, तरी ते या यादीत नाहीत, कारण श्रीलंका यादीत नाही. म्हणजे धर्माची कसोटीसुद्धा प्रामाणिकपणे लावलेली नाही. तिबेटी बौद्धांना विचारा, तिबेट कुठे आहे यादीत?

धम्मबांधव या मुद्द्याचं आणखी एक टोक आहे, आणि हे मला फार उशिरा कळलं. दियुन-बोरदुम्सा-मियावच्या भागात ज्यांच्या जमिनींवर किंवा जमिनींशेजारी चकमांना वसवलं गेलं, ते मूळ रहिवासी कोण? सिंगफो, खामती, तांग्सा. यांतले खामती आणि सिंगफो हे कित्येक पिढ्यांपासूनचे थेरवादी बौद्ध आहेत. नामसाईचा सोनेरी पॅगोडा खामतींच्या प्रदेशातला, फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, कित्येकांच्या मोबाइलवर वॉलपेपर आहे. आणि चकमांच्या शेजारी त्याच कागदाअभावी अडकलेले हाजोंग कोण? हिंदू. आता सांगा, धम्मबांधव म्हणून बाजू घ्यायची तर कुणाची घ्यायची? सिंगफो उपासकाच्या विरोधात चकमा उपासकाची? आणि हाजोंगाला काय सांगायचं, तू हिंदू आहेस, तुझं तू बघ?

त्या रात्री हे माहीत असतं तर वाद दहा मिनिटांत संपला असता, असं मी म्हणणार नाही. पण त्याचं वळण नक्की बदललं असतं.

आता दुसरा गट, जो मला जास्त जवळचा आहे. त्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. अरुणाचलच्या आदिवासींना न विचारता, नेफाच्या काळात, तिथे विधानसभा नसताना, हजारो माणसं त्यांच्या प्रदेशात आणून ठेवली. हा अन्याय होता. त्रिपुरात काय झालं ते ते बघतात. तिथे शंभर वर्षांपूर्वी आदिवासी निम्म्याहून जास्त होते, आता तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहेत. ही भीती कुणी मनाने रचलेली नाही. गडचिरोलीच्या माडिया माणसाला विचारा, बाहेरून आलेल्यांच्या हातात दुकान, ठेका आणि पंचायत गेल्यावर काय होतं.

पण हा अन्याय केला कुणी? दिल्लीने. आणि त्याची किंमत भरतोय कोण? काप्ताईने बुडवलेला माणूस. आदिवासींचं खरं भांडण केंद्राशी आहे. केंद्राने त्यांना भरपाई द्यावी, त्या तालुक्यांना शाळा-दवाखाने-रस्त्यांसाठी वेगळा निधी द्यावा, जमिनीच्या नोंदी नीट करून मूळ मालकाची जमीन कुठे गेली असेल तर त्याचा हिशेब करावा. तीन पिढ्या तिथे राबलेल्या माणसाला मत नाकारून त्यातला एकही प्रश्न सुटत नाही.

शिवाय नागरिकत्व मिळालं म्हणजे जमीन गिळली जाईल, हा समज तपासून बघायला हवा. अरुणाचलात मी, महाराष्ट्राची जन्मजात नागरिक, इनर लाइन परमिटशिवाय पाऊल ठेवू शकत नाही, जमीन तर लांबच. हे निर्बंध नागरिकांवरच आहेत. ते उठवा असं चकमांचं नागरिकत्व मागणारा कुणी म्हणत नाही. चकमांना तिथे अनुसूचित जमात म्हणून धरायचं की नाही, हा अनुच्छेद ३४२ खालचा वेगळा प्रश्न आहे आणि त्यात स्थानिक आदिवासींचं म्हणणं आधी ऐकलं पाहिजे असं माझं मत आहे. यावर चकमा मित्र रागावतील. रागावू देत.

फक्त एका शब्दापासून सावध राहायला हवं. २०१७ मध्ये केंद्राकडून आणि तिथल्या नेत्यांकडून "मर्यादित नागरिकत्व" ही भाषा आली. जमिनीचा आणि जमातीचा हक्क नाही, बाकी नागरिकत्व. वरवर बघता मी आत्ता जे म्हणाले तेच. पण तसं नाही. इनर लाइनचा नियम सगळ्या भारतीयांना सारखा आहे. "मर्यादित नागरिक" ही जात मात्र नवी आहे. संविधानात दोन प्रकारची माणसं आहेत : "व्यक्ती" आणि "नागरिक". अनुच्छेद १४, २१, २५ व्यक्तीला आहेत, म्हणजे कुणालाही. १५, १६, १९ आणि ३२६ नागरिकाला : भेदभावाविरुद्ध दाद, सरकारी नोकरीतली समान संधी, देशभर फिरण्याचं-राहण्याचं-बोलण्याचं स्वातंत्र्य, मत. अर्धा नागरिक कुठेच नाही. एकदा तो दियुनमध्ये तयार केला की त्याचा साचा दुसरीकडेही वापरता येईल. गावात राहा पण पाणवठ्यावर येऊ नका, हा मर्यादित रहिवासाचा अनुभव आपल्या आजी-पणजींनी घेतलेला आहे.

आणि गंमत बघा. चकमांनी निघून जावं असं ज्यांना वाटतं, त्यांनीच खरं तर नागरिकत्वासाठी आंदोलन करायला हवं. अनुच्छेद १९ ने मिळणारा हक्कच देशात कुठेही जाऊन राहण्याचा आणि पोट भरण्याचा आहे. आज चकमा पोरं दिल्ली-बेंगळुरूला कामाला जातात, पण पडताळणीच्या प्रत्येक ठिकाणी अडखळतात आणि परत येतात. ज्याच्याकडे कागद नाही त्याला तुम्ही त्या एकाच जागेला बांधून ठेवता, आणि मग म्हणता हा इथून हलत नाही.

"मग उद्या कुणीही सीमा ओलांडून आला तर त्यालाही द्यायचं का?" हा प्रश्न येणारच, त्या रात्रीही आला. नाही. तारीख ठरवता येते. आसामसाठी २५ मार्च १९७१ ही तारीख कायद्यात आहे, ते कलम ६-अ सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वैध ठरवलं. त्या कलमात धर्म नाही, तारीख आणि वास्तव्य आहे. चकमा-हाजोंग तर त्या तारखेच्या आधीच आले, तेही सरकारने आणले म्हणून. (न्यायालयाने १९९३ मध्ये त्यांना ६-अ चा लाभ नाकारला, कारण ते कलम आसामपुरतं आहे. म्हणजे त्याच वर्षी आलेला माणूस आसामात राहिला तर एक न्याय, सरकारने उचलून पलीकडच्या जिल्ह्यात नेला तर दुसरा.) दीर्घकाळ राहिलेल्या प्रत्येकासाठी अशी धर्माविना, तारखेची आणि वास्तव्याची कसोटी संसदेने सगळ्या देशासाठी करावी, ही मागणी आपण करायला हवी. त्यात छावणीतला तमिळ येईल, हाजोंग येईल, आणि मुसलमान असेल तर तोही येईल. इथे ज्यांची जीभ अडखळते त्यांनी संविधान सन्मान मोर्चात पुढच्या रांगेत चालू नये.

चकमांपुरतं सांगायचं तर मागणी लहान आहे. १ जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेल्यांची नावं कुठलाही नागरिकत्वाचा अर्ज न मागता मतदार यादीत घ्या. मूळ आलेल्यांतले जे हयात आहेत त्यांचे पडून असलेले अर्ज २०१५ च्या आदेशाप्रमाणे निकाली काढा. रहिवासाचे दाखले द्या. यातलं पहिलं काम निवडणूक आयोगाचं, दुसरं गृहमंत्रालयाचं, तिसरं राज्याचं. तिघांना तीन वेगळी निवेदनं जायला हवीत. आपण नेहमी राष्ट्रपतींच्या नावाने एकच निवेदन तहसीलदाराला देऊन फोटो काढतो, ते इथे चालणार नाही.

बाकी आमच्या शिबिराचं असं ठरतंय : पुढच्या वेळी दियुनहून दोन आणि नामसाईच्या बाजूने दोन, खामती किंवा सिंगफो, अशा चौघांना बोलवायचं. भाड्याचे पैसे दोन शाखांनी कबूल केलेत, तिसरीशी बोलणं चालू आहे. ते एका खोलीत राहायला तयार होतील की नाही, सांगता येत नाही. त्या मुलाला फोन केला तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बुलाइए. पर दीदी, पहले उनको बुलाइए."